गोणीचं तोंड उघडून

कनेरगाव नाका,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय ओमप्रकाश,

कागदावर लिहायला बसले म्हणून हसू नकोस. लिहून झालं की तुझ्या पुनमच्या मोबाइलवर फोटो काढून हे तुला धाडणार आहे. मोठी बहीण असून फोनवर माझं तुझ्यापुढं काही चालत नाही. मी मुद्द्यावर आले की तू लगेच दाजी कसे आहेत, ढाबा कसा चालला असं काढतोस, आणि मी येडी आपली वसरामच्या गुडघ्याचं पुराण सांगत बसते. लहानपणापासून तू असाच. कागदाला मधे तोडता येत नाही, म्हणून कागद. औंढ्याची यात्रा काल पार पडली, उपवासाची खिचडी ढवळून ढवळून माझे खांदे भरून आलेत. आज गिऱ्हाईक तुरळक आहे. वसराम आत घोरतोय. एवढं निवांत परत कधी मिळायचं नाही.

महिनाभरापासून तू मला एकच विचारून राहिलास, बापू फोनवर काहून येत नाही. मी कधी सांगितलं कान दुखतो, कधी सांगितलं शेतात गेला, परवा तर सांगितलं आंघोळीला बसला. सगळं खोटं. तांड्यातल्या घरी तुझा फोन आला की बापू उठून बाहेर जातो आणि बोलणं संपेपर्यंत लिंबाखाली उभा राहतो. होळीला तू सुट्टीवर येणार, लेकराची धुंड करणार, बापूला नवं धोतर आणि पागोटं आणणार, हे पुनमनं सगळ्या तांड्याला सांगितलंय. तिनं लेकरासाठी लाल झबलं शिवलं, आरसे लावले त्याला. पहिली होळी आहे त्याची. गेरिया, होळीची नाचणारी पोरं, दारात येतील, त्याच्या डोक्यावर काठी आडवी धरतील, तिच्यावर दांडकी वाजवून आशीर्वाद म्हणतील, आणि पहिला आशीर्वाद आज्यानं म्हणायचा, लेकराच्या बापाचं नाव घेऊन. तो आजा तांड्याचा नायक, म्हणजे त्याच्याशिवाय धुंड नाहीच. आणि बापू आज धुंडीचं नाव काढू देत नाही. हे आता मी तुला स्वच्छ सांगितलं. काहून, ते खाली लिहिते. कडू लागलं तर लागू दे, मी काही गोड करून वाढणार नाही.

तू ते यंत्र शिकलास तेव्हा सगळ्यात खूश कोण होतं सांग बरं? बापूच. सिद्धेश्वरच्या कालव्याखालच्या हळदीवर तू पहिली फवारणी केलीस तेव्हा बापूनं त्या ड्रोनला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. शिरड शहापूरचे मोठे मोठे बागायतदार बांधावर तोंड वासून उभे होते आणि हरिचंद नायकाचा पोरगा बोटाच्या टोकावर ते भिरभिरं नाचवत होता. बापू घरी येऊन म्हणाला, पाठीवर पंप घेऊन पोरं औषधात भिजायची, पाय सोलून निघायचे, ते आता वाचलं. तुझ्या हातात देवानं चांगलं काम दिलं असं त्याला मनापासून वाटलं. मलाही वाटलं. मग हिंगोलीत तुला तो दलाल भेटला, परदेशात डोळा पुरणार नाही एवढी गव्हाची शेतं आहेत म्हणाला, आणि तू गेलास. तुझं जाणं चुकलं असं मी तेव्हा म्हणाले नाही, आता मागून शहाणपणा सांगणार नाही.

एक हंगाम तू खरंच गहू फवारलास. नंतर कंपनीनं सांगितलं हंगाम संपला, आता दुसरं काम. मी विचारलं कसलं, तर तू म्हणालास, फौजेत न्हाई बाई मी, कंत्राटी हाये, खुर्चीवर बसायचं आन् पडद्याकडं बघायचं. बंदूक नाही, वर्दी नाही, वरून एसी. त्या देशाचं नाव मी इथं लिहीत नाही, कागद कोणाच्या हाती पडेल सांगता येत नाही. मी बापूला सांगितलं तेव्हा त्यानं विचारलं, कोण कोणाशी लढून राहिलं आणि कशापायी? मला सांगता आलं नाही. तुला विचारलं तर तुलाही धड सांगता आलं नाही. आठवतंय? दोन्हीकडून सारखंच बोलतात म्हणालास आणि हसलास. आपल्याकडं बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांची डोकी फोडतात, पोलिसात जातात, जन्मभर पाणी पीत नाहीत एकमेकाच्या घरचं. वाईटच ते. पण निदान कोणाचं डोकं फोडलं ते माहीत असतं. तुझा कुठला बांध होता रे तिथं?

लढाई आता आमच्याकडंही येते बरं का, फक्त आवाज येत नाही. गेल्या खरिपाला डीएपी खताच्या गोण्यांसाठी बाया चपला रांगेत ठेवून सावलीला बसल्या. दुकानदार म्हणे जहाज अडलंय, कुठंतरी लढाई चालू आहे. तेलाचा डबा वाढला, लढाई चालू आहे. हळदीचा भाव पडला, लढाई चालू आहे. लढणाऱ्यांनी आमचं गाव नकाशात पाहिलंसुद्धा नसेल, आणि आमच्या कढईतलं तेल त्यांनी काढून घेतलं. आणि एवढं होऊन आमचे लोक ढाब्यावर टीव्हीसमोर भजी खात लढाई बघतात, जशी काय कुस्ती लावलीय. अजून एक टाका, अजून एक टाका, असं ओरडतात. भजी गार झाली तर मात्र मला बोलतात.

तुला लदेणीची गोष्ट आठवते ना? तुला कशाला विचारते, तुझी तर ती पाठ होती. बैलांच्या पाठीवर माल घालून मुलुख फिरायचा हाच आपल्या लोकांचा धंदा होता, आणि बापूनं ती गोष्ट आपल्याला भाकरीसोबत खाऊ घातली. दोन फौजा समोरासमोर उभ्या, मधल्या मोकळ्या रानातून आपला तांडा बैल हाकत चाललाय, पाठीवर गोणी, गोणीत धान्य आणि मीठ. कोणी भाला आडवा घातला की नायकानं पुढं व्हायचं, पळायचं नाही, हात जोडायचे नाहीत, फक्त गोणीचं तोंड उघडून दाखवायचं. दाणे दिसले की भाला खाली. दोन्ही फौजांना भाकर लागायची आणि ती आपल्याच गोणीतून यायची, मग मारणार कोण? गोणीवाल्याला कोणी मारत न्हाई, असं म्हणून बापू मिशीवर हात फिरवायचा. खरं किती आणि मीठमसाला किती देव जाणे. सगळेच तांडे आपापल्या पणज्याला हत्तीवर बसवतात. पण आपण ते खेळायचो. मी लाटणं आडवं धरून वाट अडवायची आणि तू नायक, पाठीवर उशी घेऊन यायचास, वाकून उशीच्या खोळीचं तोंड उघडून दाखवायचास. आत कापूस. मी मोठ्या ऐटीत म्हणायची, जा रे, सोडला तुला. दर वेळी सोडायची. एकदाही तुला अडवलं नाही मी.

गोष्टीतला दुसरा भाग तुला आवडत नव्हता, तोही आठव. गोणीवाला वाटेवर मेला, तर ज्याच्या नजरेला पडला त्याच्या घरचा तो. त्याचा माल पुढं पोचवायचा, त्याचं सुतक आपल्या घरात धरायचं, शेवटी नाव घेऊन पाणी सोडायचं. बैल गेले, बापू ट्रकवर गेला, पण हे त्यानं सोडलं नाही. तू बालवाडीत होतास. नागपूरच्या पुढं घाटात एक तांदळाचा ट्रक उलटलेला दिसला, आत सरदारजी गेलेला. बापूनं पोलीस आणले, मालकाला फोन केला, आपल्या गाडीत तांदूळ भरून घेतला आणि जिथला होता तिथं नेऊन टाकला. मग घरी येऊन डोकं भादरलं. ऐन दिवाळीत. आपल्या घरी ना करंजी ना दिवा, आणि तू अंगणात लोळण घेतलीस. गुरमेलसिंगचं नाव घेऊन बापूनं पाणी सोडलं तेव्हा तू विचारलंस, नाव कसं कळलं? लायसन होतं खिशात, बापू म्हणाला. आणि लायसन नसतं तर? बापूनं तुला खरं तेच सांगितलं. नाव नसलं तर पाणी पोचत नाही, मग घरातलं एक नाव त्याला द्यावं लागतं, आणि दिलेलं नाव पुन्हा घरात कोणी घेत नाही. तू रडायचा थांबलास. माझ्या मांडीत तोंड खुपसून हळूच म्हणालास, बाई, माझं नको म्हणून सांग. आम्ही सगळे किती हसलो होतो.

कारगिलच्या वर्षी बापू जम्मूच्या एका मालकाच्या गाडीवर होता. त्या वर्षी डोंगरावर आटा आणि तुपाचे डबे चढवत होता, ते त्यानं आपल्याला फार उशिरा सांगितलं. पुढची गाडी गोळा लागून दरीत गेली, क्लिनरसकट. मी म्हणाले होते, बघ, तुझी गोष्ट खोटी पडली, मारलं की गोणीवाल्याला. बापू चिडला नाही. म्हणाला, तोफ आंधळी असती पोरी, डोंगरापल्याडून टाकलेला गोळा, त्याला काय माहीत खाली आटा हाये का दारूगोळा. माणसानं डोळ्यानं बघून नाही मारलं, एवढ्यावर त्यानं आपली गोष्ट वाचवली. आणि तू निघालास तेव्हाही हिंगोलीच्या स्टँडवर तेच बोलला. तुझ्या हाताला काही होऊ नये, अंगाला काही होऊ नये, हीच भीती होती त्याला. आपण पोचवणारे लोक, गोणीवाल्याला कोणी मारत न्हाई. म्हाताऱ्याला दुसरी बाजू सुचलीच नाही. मलाही नाही.

आता संक्रांतीनंतरची गोष्ट. तू तुझ्या दाजीला तो व्हिडिओ धाडलास. खाली लिहिलं होतंस, एवढ्या उंचीवरून, एवढ्या वाऱ्यात, बघा दाजी नेम. तुझा दाजी म्हणजे उत्साहाची खाण. त्यानं मोबाइल ढाब्याच्या टीव्हीला जोडला. दुपारची वेळ, वाशीमकडं जाणारे ड्रायव्हर जेवायला टेकलेले, बापू कोपऱ्यातल्या बाजेवर चहा पीत बसलेला. आमच्या पोराचं काम बघा म्हणून वसरामनं सगळ्यांना हाक दिली. बापूनं चष्मा पुसला. लेकाचं काम बघायचं होतं ना त्याला.

तू ते रोज बघत असशील, म्हणून तुला काय दिसतं मला माहीत नाही. आम्हाला काय दिसलं ते सांगते. वरून दिसणारा रस्ता, दोन्हीकडं बर्फ असावं. एक जुना ट्रक, आपल्याकडं असतो तसाच, ताडपत्री दोरखंडानं आवळलेली. ट्रक थांबला. माणूस खाली उतरला, वर बघितलं. आवाज ऐकला असेल त्यानं तुझ्या ड्रोनचा. ड्रायव्हर लोक म्हणाले, आता पळतो बघ शेतात. तो पळाला नाही. मागं गेला, दोरी सोडली, ताडपत्री वर फेकली, एक पोतं पुढं ओढलं आणि त्याचं तोंड उघडून वर धरलं. तुझ्याकडं, ओम्या. तुला दाखवलं त्यानं. पोत्यातून पांढरं भुरभुरलं. आणि मग पडदा पांढरा झाला. ते पीठ वर उडालं होतं, आणि किती तरी वेळ खाली येत राहिलं.

ढाब्यावर टाळ्या वाजल्या. काही जणांनी नाही वाजवल्या, ते ताटाकडं बघून राहिले, तेही ट्रकवालेच ना. बापू म्हणाला, पुन्हा लाव. वसरामनं लावला. बापू उठून टीव्हीच्या जवळ गेला आणि त्या माणसाच्या हाताजवळ बोट नेलं, नुसतं नेलं, काचेला लावलं नाही. मग माझ्याकडं वळून म्हणाला, "दिपा, यानं तर दाखवलं." एवढंच. जोडे न घालता तांड्याकडं चालत गेला. मी मागून जोडे घेऊन पळाले तर म्हणाला, राहू दे, सुतक हाये.

मला वाटलं, म्हाताऱ्याला धक्का बसला, उतरेल. तुझी बाजू घेतली मी त्याच्यापाशी, हे तुला कळू दे. म्हणाले, त्याला ट्रक दिसला असेल, पोतं नसेल दिसलं, एवढ्या उंचीवरून काय कळतं. त्याच दिवशी तुझा फोन आला. मी विचारलं, तो थांबला तेव्हा तुला काय वाटलं? तू काय म्हणालास आठव. तू म्हणालास, "थांबला म्हणून तर बराबर लागलं बाई, चालती गाडी लई तकलीफ देती." आणि मग दाजींना व्हिडिओ आवडला का, हे विचारलंस. मला त्या दिवशी तुझी किळस आली. लिहायला हात धजत नव्हता पण लिहिते, किळस आली. ज्याला मी लाटणं आडवं धरून दर वेळी सोडलं, त्या माझ्या भावाची. ती आलीच, आणि गेली नाही पूर्ण. तुला पोतं दिसलं होतं. तोंड उघडलेलं दिसलं होतं. साऱ्या जगात ते बघून उमजावं असा तिथं एकच माणूस होता, आणि तोच नेमका खुर्चीवर बसलेला होता. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते हेच. मला ही म्हण शाळेत कधी नीट कळली नव्हती.

मी लढाईतलं काही समजणारी नाही. पण ढाब्यावर बसून एक कळलं. आधी माणसं समोरासमोर यायची, त्यात निदान थांबायला जागा होती. मग तोफा आल्या, त्यांना दिसत नव्हतं, म्हणून दोष द्यायला जागा होती. आता तुमचं हे असं, की सगळं दिसतं, माणसाच्या हातातलं पीठसुद्धा दिसतं, आणि तरी थांबत नाही. बरं, हे करायला त्या देशाला त्यांचं पोरगंही लागत नाही. हिंगोलीचं चालतं. फवारणी येणारं. तिकडची गावं ओस पडली म्हणतोस, तरणी पोरं उरली नाहीत, आणि इकडं आमची पोरं तिकडं जाऊन त्यांची उरलीसुरली मारून राहिलीत. एखाद्या देशाला स्वतःचा रागसुद्धा पुरत नाही आणि तो बाहेरून आणावा लागतो, तर त्या लढाईला काय म्हणायचं तूच सांग.

बापूनं दुसऱ्या दिवशी डोकं भादरलं, मिशी काढली आणि दाराबाहेर मातीवर बसला. आता तांड्यात हे बघितल्यावर लोकांना काय वाटणार? लेक परदेशात, बाप डोकं भादरून बसलेला. शेजारच्या तांड्यातून जिवनबाई दोघीतिघींना घेऊन आली आणि दारातच तुझं नाव घेऊन तिनं रडायला सुरुवात केली. ओमप्रकाशचं गोरं तोंड, ओमप्रकाशचं बोलणं, सगळं काढलं. लेकराला पाजत होती ती पुनम तशीच बाहेर आली. तिचं तोंड मला आयुष्यभर दिसेल. माझा नवरा जिवंत हाये, सकाळी बोलला माझ्याशी, असं ओरडली आणि कपाळावरचं कुंकू पुढं करून दाखवायला लागली. बायांनी डोळ्यांवरचे पदर खाली घेतले. जिवनबाईनं बापूला विचारलं, नायक, मग गेलं कोण? बापू म्हणाला, "गोणीवाला गेला." तुझ्या पुनमला त्यानं समजावलं नाही, बायांना थांबवलं नाही. तू जिवंत आहेस हे एका शब्दानं बोलला नाही तो.

तेव्हापासून कोरडी भाकर खातो आणि मातीवर निजतो. नायकाच्या घरी सुतक म्हणून दोन सगाया अडल्यात, लोक कुरकुरतात. म्हातारा चळला, असं पोरं म्हणतात. त्या पोरांचं ऐकशील तर तुला मूठभर मांस चढेल. सगळ्यांच्या मोबाइलवर तो व्हिडिओ आहे, मागं ढोल लावून. नाक्यावर तुझा बॅनर लावणार आहेत, तांड्याची शान म्हणून, फोटो तो गॉगलवाला. वसरामला पुढारपण दिलं होतं त्यांनी. वसराम आता तसा नाही राहिला. टीव्ही त्यानं काढून माळ्यावर टाकला, आणि गिऱ्हाइकांनी विचारलं तर बिघडला म्हणतो. पुनम मला विचारते, मावशी, आता हे कधी संपणार? ढाब्यावरच्या गिऱ्हाइकांसारखं मावशी नको, ताई म्हण, असं तिला सांगून मी थकले. लाल झबलं तिनं पेटीत ठेवून दिलंय. लेकरू आता बसायला लागलं. बापूच्या भादरलेल्या डोक्यावर हात फिरवतं आणि खुदकन हसतं. बापू त्याला दूर करत नाही. तेवढंच एक सुख आहे घरात.

काल यात्रेच्या गर्दीत बापू ढाब्यावर आला. महिन्यानंतर पहिल्यांदा. मी खिचडी दिली ती नको म्हणाला, पाणी प्यायला आणि समोर बसला. म्हणाला, होळीआधी सुतक सोडतो, लेकराचा काही गुन्हा न्हाई, त्याची धुंड चुकवायची न्हाई. मला एवढं बरं वाटलं की मी रडलेच. मग तो म्हणाला, ओमप्रकाशला लिही, त्या माणसाचं नाव कळव म्हणावं, पाणी सोडायचं हाये. मी म्हणाले, बापू, त्याला कुठून कळणार, ते नाव विचारून मारत नाहीत. बापू म्हणाला, त्याला तर समदं दिसत होतं ना? मग मी विचारलं, आणि नाव नाही मिळालं तर? विचारायला नको होतं, उत्तर तुझ्यासारखं मलाही पाठ आहे. घरातलं एक नाव द्यावं लागेल, म्हणाला. कोणतं, ते त्यानं सांगितलं. लेकराची धुंड तो स्वतः करणार, पहिला आशीर्वाद स्वतः म्हणणार, आणि बापाचं नाव घ्यायची वेळ आली की थांबणार नाही, पुढं जाणार. तू त्या दिवशी दारात उभा असलास तरी. मी हातापाया पडले. लहानपणी तू माझ्या मांडीत तोंड खुपसून जे सांगायला लावलं होतंस, ते काल मी सांगितलं, बापू, त्याचं नको. बापू उठला, पाण्याचा तांब्या पालथा घातला आणि गेला. म्हणून हा कागद. होळीला पंधरवडा आहे. तिथल्या लोकांना विचार, कंपनीला विचार, तो रस्ता ज्या गावाला जातो तिथं विचार, पीठ कोणाकडं पोचलं नाही ते शोध. कोणीतरी त्या माणसाची वाट बघून राहिलं असेल, त्यांना माहीत असेल. त्याचं नाव धाड, ओम्या. मला तुझं नाव अजून घ्यायचंय.

तुझीच,
बाई